तुंगेला एक घास

तुंगा रोज सकाळी राजाजीनगरातल्या नव्या वसाहतीत दूध घालायला यायची. दूध अर्थात विठाबाई घालायची, पण तसं कुणी म्हणत नसे. ‘तुंगा आली गं’ असंच म्हणत आणि बाया पातेली घेऊन पायरीवर येत. बंगळुरात तेव्हा दूध असंच घेत. गाय दारात उभी करायची, चरवी उपडी करून आत पाण्याचा थेंब नाही हे दाखवायचं, वासराला दोन घोट पिऊ द्यायचे आणि मग गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची. एवढं करूनही एखादी पुणेकरीण चरवीत डोकावून बघायचीच. विश्वास पानिपतात गेला म्हणतात, ते काही खोटं नाही.

विठाबाईला त्याचा राग येत नसे. ही माणसं नवी होती. कारखान्यांत नोकऱ्या धरून पुण्या-सांगलीहून आलेली, एकसारख्या घरांत राहणारी. नवरा कामावर गेला की बायका भाजीवाल्याशी खुणांनी बोलत. विठाबाई मात्र इथलीच. तिचे पूर्वज कुठल्याशा सरदाराच्या लष्करामागून तीनशे वर्षांपूर्वी दक्षिणेत उतरले आणि परत जायचं राहूनच गेलं. ‘आमचं मूळ पुण्याकडचं’ एवढं ती ठासून सांगायची. गाव कुठलं विचारलं तर गप्प व्हायची, कारण ते माहीत असलेलं माणूस तिच्या आजीच्याही आधी मेलं होतं.

वसाहतीला लागून असलेल्या केतमारनहळ्ळीत तिचं दोन खोल्यांचं घर होतं आणि घरामागे गोठा. नवरा यल्लाप्पा घोड्याचा जटका हाकायचा. तो तापाने गेला, त्याच महिन्यात तुंगा जन्मली. मूलबाळ नव्हतं. गल्लीतला सगळा व्यवहार कन्नडात, तेव्हा घरात मराठी बोलायला विठाबाईला तुंगाच उरली. तुंगेलाही तीच सवय लागली. कुणी ‘बा, बा’ करून कन्नडात बोलावलं तर ती कानसुद्धा हलवायची नाही, आणि ‘ये गं’ म्हटलं की निघालीच. यंदा तिला कालवड झाली. तुंगेची लेक म्हणून विठाबाईने तिचं नाव भद्रा ठेवलं आणि स्वतःच्याच हुशारीवर दोन दिवस खूश राहिली.

तुंगेच्या दुधावर तिची भाकरी चालायची हे खरं, पण ते दुय्यम होतं. पहाटे गोठ्यातून तुंगेचा हुंकार ऐकू यायचा आणि त्यावर ही बाई उठायची. दुसरं जगात तिला कुणी नव्हतं. तुंगा आहे म्हणून आपण आहोत, असं ती हणमंतरावांना सांगायची. हणमंतराव शेजारचे म्हसरंवाले. ते म्हणायचे, गाईवर एवढा जीव लावू नये, अक्का. ती हसून सोडून द्यायची.

त्या साली जुलैत पानशेतचं धरण फुटलं आणि निम्मं पुणं पाण्याखाली गेलं. वसाहतीतल्या उमाकांत नेन्यांची बायको विद्या, तिचं माहेर नदीकाठी. घर गेलं, संसार गेला आणि तिची आई गेली. ती सापडलीसुद्धा नाही. तार आली तेव्हा तुंगा विद्याच्या दारात उभी होती. धार अर्धी टाकून विठाबाई त्या पोरीला धरून बसली होती. त्यानंतर विद्या घरातलं सगळं करायची, बोलायची, आल्यागेल्याचा चहा करायची. हसायची तेवढी बंद झाली.

उमाकांत जलहळ्ळीकडच्या एका कारखान्यात इंजिनियर होता आणि मराठी मंडळाचा चिटणीस. मोठा उत्साही माणूस, म्हणजे आधी घोषणा आणि मागून विचार. पूरग्रस्तांसाठी मंडळाने निधी काढला होता, पण वर्गणी मागायला गेलं की भल्याभल्यांना घरातली आजारपणं आठवत. सगळ्यांना गोळा करून चार घटका हसवलं तर खिसे मोकळे होतील, असं उमाकांतच्या डोक्यात आलं. बायकोही हसेल, हे तो बोलला नाही, पण सगळ्यांना कळत होतं.

त्याने विलायतेतला एक खेळ काढला. कारखान्याने त्याला शिकायला तिकडे धाडलं होतं, तेव्हा एका खेड्याच्या जत्रेत त्याने तो पाहिला होता. मैदानावर चुन्याच्या फक्कीने चौकटी आखायच्या, एकेकाने रुपया देऊन एकेक चौकट घ्यायची आणि मग गाय मोकळी सोडायची. ती ज्याच्या चौकटीत शेण टाकेल त्याला बक्षीस, बाकी सगळं निधीला. मंडळाच्या बैठकीत त्याने हे सांगितलं तेव्हा सगळे असे हसले की बशीत चहा सांडला. अध्यक्ष विश्वेश्वरपंत न्यायखात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी हा जुगार ठरतो की काय अशी शंका काढली आणि निकालही स्वतःच दिला. गोमयात लक्ष्मीचा वास असतो, तेव्हा हा जुगार नव्हे, लक्ष्मीचा कौल. शास्त्राची हीच गंमत आहे, हवं तिथे वळतं.

दिवस ठरला वसुबारसेचा. दिवाळीची सुरुवात, गाय-वासराच्या पूजेचा दिवस, त्यात कारखान्याला सुट्टी. पूजेला गाय वासरासकट लागते, आणि तुंगेमागे महिन्याभराची भद्रा होतीच. दुधात साखर पडली म्हणून मंडळाने टाळ्या वाजवल्या.

उमाकांत विठाबाईला विचारायला घरी गेला. खेळ समजावून सांगताना तो स्वतःच दोनदा हसला. मग जरा घुटमळून म्हणाला, की काल रात्री ही कल्पना विद्याला सांगितली तेव्हा ती जुलैनंतर पहिल्यांदा हसली, अगदी थोडीशी. विठाबाईने गोठ्याकडे पाहिलं. तुंगा निवांत रवंथ करत होती.

“शेण तर ती रोज टाकते, अण्णा,” विठाबाई म्हणाली. “तेवढ्यानं आमच्या पुण्याच्या माणसांची घरं उभी राहत असतील तर सरी, चालतंय, न्या की.”

आमच्या पुण्याच्या. ते म्हणताना तिला फार बरं वाटलं. पुणं तिने जन्मात पाहिलं नव्हतं. तीनशे वर्षांत तिच्या घरातून पुण्याला काही गेलं असेल तर ते हे पहिलंच. हणमंतरावांना मात्र हे पटलं नाही. मुक्या जनावराची चेष्टा आहे, असं त्यांचं म्हणणं. विठाबाई म्हणाली, तुंगेची कोण चेष्टा करतंय, चेष्टा तर त्या रुपया देणाऱ्या साहेबलोकांची आहे. यावर हणमंतरावही हसले.

वसुबारसेला विठाबाईने तुंगेला आणि भद्रेला न्हाऊ घातलं, तुंगेच्या शिंगांना हळद लावली, गळ्यात झेंडूचा हार घातला आणि दोघींना वसाहतीच्या मैदानात आणलं. पांढऱ्या चौकटी आखून तयार होत्या, प्रत्येकीत आकडा. उमाकांत कर्णा घेऊन फिरत होता. आधी खेळ आणि मग पूजा असं मूळचं ठरलं होतं, पण विश्वेश्वरपंतांनी आयत्या वेळी मोडता घातला. पूजेआधी खेळ हे बरं दिसत नाही, म्हणाले. उमाकांतने इंजिनियरच्या हिशेबाने ते मान्य केलं. जितकं आत जाईल तितकं लवकर बाहेर येईल, असं त्याने कर्ण्यातून जाहीर केलं आणि मैदान हसलं. विठाबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली.

यात एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. या बायकांना बंगळुरात आल्यापासून वसुबारसेला गाय मिळालीच नव्हती. भाड्याच्या घरात गाय कुठून येणार? दारात येणाऱ्या तुंगेकडे दुधापुरतंच बघायची सवय, तिला पुजावं हे कुणाला सुचलं नव्हतं. कुणी पाटावर रांगोळीची गाय काढून पुजायची, कुणी देव्हाऱ्यातल्या पितळी कामधेनूवर भागवायची. खरी गाय, तीही वासरासकट, आणि तीही मराठी समजणारी! ही बातमी वसाहतीबाहेर गेली. मल्लेश्वरमहून बायका आल्या, जलहळ्ळीहून बस बदलून आल्या. उमाकांतने आपल्या वसाहतीपुरतं धरलं होतं. मैदानाच्या कडेने रांग लागली आणि ती रस्त्यापर्यंत गेली. प्रत्येकीच्या हातात केळीचं पान, पानावर भात, उडदाचे वडे, गूळ, एखादा लाडू. सगळ्या सकाळपासून उपाशी. गाईने आपल्या हातचं खाल्लं की मग उपास सोडायचा, ही त्यांची रीत.

“घासभरच आहे हो,” असं प्रत्येक जण म्हणाली.

खरंच घासभरच होतं. अति तिथे माती हे आपल्या सगळ्यांना पाठ असतं, पण त्या अतीत आपला घास कुणी धरत नाही. आणि धरावा तरी कशाला? त्या बायका काही वाईट करत नव्हत्या. त्या वाकून तुंगेच्या खुरांवर पाणी घालत होत्या, कपाळाला कुंकू लावत होत्या, आईच्या घरची वसुबारस आठवून डोळे पुसत होत्या.

तुंगा वाळक्या गवतावर आणि रोजच्या मूठभर पेंडीवर वाढलेली. तिने असलं जेवण बघितलं नव्हतं. आधी ती हावरटासारखी जेवली, आणि विठाबाईला तिचं कौतुक वाटलं. रांग निम्मी सरली तेव्हा मात्र विठाबाई तुंगेपाशी सरकली. एवढा भात, एवढं कडधान्य जनावराला सोसत नाही, हे तिला सांगायला कुणाची गरज नव्हती. तिने हात आडवा धरला. “पुरे आता. स्वल्प थांबा.” समोर जलहळ्ळीची एक बाई होती, कडेवर मूल. ती म्हणाली, आजी, सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही हो. विठाबाईने हात खाली घेतला.

का घेतला, ते सांगायलाच हवं. आजवर रोज ती या बायकांच्या पायरीखाली उभी राहिली होती. विधवा बाई, सणासुदीला कुणी तिला पुढे बोलावत नव्हतं आणि तिलाही ते अंगवळणी पडलं होतं. आज एक एक जण तुंगेला हात जोडून तिच्याकडे वळत होती, तुमची गाय फार गुणाची हो म्हणत होती. एका पोरीने तुंगेच्या खुरांना हात लावला आणि तोच हात विठाबाईच्या पायांना लावला.  विठाबाईला ते आवडलं. इतकं आवडलं, की ‘नाही’ हा शब्द तिच्या तोंडातून दुसऱ्यांदा निघेना.

रांग संपली. उमाकांतने कर्णा उचलला, आणि तेवढ्यात विद्या आली.

तिच्या हातात पान होतं आणि डोळे रडून सुजलेले. घरातून निघायचं धाडस होत नव्हतं म्हणून उशीर झाला होता. तिची आई दर वर्षी वसुबारसेला गाईला घास देऊन मगच जेवायची. यंदा आईच्या नावाने विद्याने उपास धरला होता. पानावर दोघींचं वाढलेलं होतं, तिचं आणि आईचं. ती तुंगेपुढे वाकली आणि पान पुढे केलं.

तुंगेने तोंड फिरवलं.

विद्या दुसऱ्या बाजूने गेली. तुंगेने परत तोंड फिरवलं. जमलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. गाईने घास नाकारणं म्हणजे अपशकुन, हे प्रत्येकीच्या मनात आलं. विद्या पान पुढे धरून तशीच वाकून राहिली. विठाबाईला ते बघवेना. तार आली त्या दिवशी याच पोरीला तिने छातीशी धरलं होतं.

तिने विद्याच्या हातातून पान घेतलं. भाताचा घास केला, त्यात गूळ कुस्करला आणि तुंगेच्या तोंडाशी धरला. “घे गं माय. पोरगी उपाशी हाय. घे.”

तुंगेने तिच्याकडे पाहिलं आणि तो घास घेतला. मग दुसरा. पान रिकामं होईपर्यंत विठाबाई भरवत राहिली आणि तुंगा घेत राहिली. विद्याने हात जोडले, आणि ती विठाबाईच्या खांद्यावर डोकं टेकून रडली.

मग खेळ सुरू झाला. भद्रेला बाजूला खांबाशी बांधलं आणि तुंगेला चौकटींमध्ये सोडलं. माणसं आपापल्या आकड्यांची नावं घेऊन ओरडत होती, या बाजूला ये, त्या बाजूला ये. शेजारची कन्नड पोरं ‘बा, बा’ करत होती आणि तुंगा अर्थातच ढिम्म. उमाकांत कर्ण्यातून तिच्या पावलापावलाचं वर्णन करत होता. तुंगा जरा चालली, थांबली. शेपूट उचललं की मैदान श्वास रोखायचं. शेपूट खाली आलं की हशा पिकायचा. तिने मागच्या पायाने स्वतःच्याच पोटाला लाथ मारली, तर कुणी म्हणालं, लक्ष्मीला मुहूर्त सापडत नाही. ती खाली बसली, तर उमाकांतने जाहीर केलं की गाय मंडळाच्या अध्यक्षांसारखी निकाल राखून ठेवून आराम करते आहे. विश्वेश्वरपंतसुद्धा हसले. विद्या हसली. तोंडावर हात न ठेवता, मान मागे टाकून, माहेरी हसायची तशी.

विठाबाईने तिला हसताना पाहिलं. पोरीचं हसू परत आलं म्हणून तिला बरं वाटलं, आणि त्याच आनंदात तिने तुंगेकडे मान वळवली. तुंगेची डावी कूस फुगून पाठीच्या वर आली होती. मान पुढे ताणलेली, तोंडाला फेस. विठाबाई चौकटी तुडवत धावली. कुशीवर हात मारला तर ढोलासारखा आवाज आला.

तोवर लोक हसतच होते. त्यांना वाटलं, हाही खेळाचाच भाग.

हणमंतरावांना निरोप गेला. ते तेल घेऊन धावत आले. बांबूच्या नळकांड्याने तेल पाजलं, दोघांनी मिळून तिला उठवायला पाहिलं, चार माणसं लावली. ती अर्धी उठली आणि पुन्हा बसली. उमाकांत कर्णा टाकून स्कूटरवर जनावरांच्या डॉक्टरला आणायला गेला. सणाचा दिवस, डॉक्टर घरी नव्हते. त्याने दुसरीकडे शोधलं, तिसरीकडे शोधलं. इकडे विठाबाई तुंगेची मान मांडीवर घेऊन तिच्या गळ्याला वरून खाली चोळत होती, ढेकर यावी म्हणून. “दे गं एक ढेकर. एकच दे. मग घरी जाऊ.” भोवती बायका हातात तबकं घेऊन उभ्या होत्या. खांबाशी भद्रा हंबरत होती.

उमाकांत डॉक्टरला घेऊन आला तेव्हा दिवेलागण झाली होती आणि तुंगा गेली होती. विठाबाई तिचा गळा अजून चोळत होती. हणमंतरावांनी तिचा हात धरून थांबवला. तुंगा कुणाच्या चौकटीत पडली, ते कुणी पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी वसाहतीत पणत्या लागल्या नाहीत. ज्यांनी उपास सोडला नव्हता त्या तशाच झोपल्या. ज्यांनी सोडला होता त्यांनाही घशाखाली उतरलेलं नकोसं झालं. प्रत्येकीच्या मनात एकच हिशेब चालला होता, की आपण तर घासभरच दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मंडळाची माणसं विठाबाईकडे आली. ओसरीवर ओळीने बसली. तुंगा किती गुणी, किती शांत, दुधाला किती गोड, हे सगळ्यांनी सांगितलं. मेल्या म्हशीला मणभर दूध. चरवीत डोकावणारे हेच होते. पण त्यांचं वाईट वाटणं खोटं नव्हतं, हेही खरं.  मंडळ तिला नवी गाय आणून देणार, आजच बघायला जाऊ, असं विश्वेश्वरपंत म्हणाले. विठाबाईने मान हलवली. नको म्हणाली. दूध कुठलीही गाय देईल, पण पहाटे मी कुणाशी बोलू, असं तिने विचारलं.  माणसं उठून गेली.

खरी पंचाईत भद्रेची होती. महिन्याभराचं वासरू, आईच्या कासेशिवाय त्याला काही ठाऊक नव्हतं. हणमंतराव म्हशीचं दूध बादलीत आणून ठेवत होते. ती वास घ्यायची आणि मागे सरायची. हणमंतरावांनी सांगितलं, आणि विठाबाईला ते त्यांच्याआधीपासून माहीत होतं, की पोरक्या वासराला बोटाने प्यायला शिकवतात. हात दुधात बुडवायचा, बोटं वासराच्या तोंडात द्यायची, ते बोटं आई समजून चोखू लागलं की हात हळूहळू बादलीत खाली न्यायचा. एकदा लागलं की लागलं.

विठाबाईने बादली जवळ ओढली. हात दुधापर्यंत नेला आणि मागे घेतला. तिने पुन्हा नेला आणि पुन्हा मागे घेतला. हणमंतरावांनी स्वतः बोटं दिली, पण भद्रेने ती धरली नाहीत. ती विठाबाईजवळच येऊन उभी राहायची, तिच्या हाताला नाक लावायची. विठाबाई हात पदराखाली घ्यायची. असा एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी भद्रेचे पाय लटपटायला लागले.

त्या दुपारी विद्या एकटी आली. गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली.  तुंगेची दावण रिकामी होती आणि दोघी तिकडे बघत नव्हत्या.

“आजी,” विद्या म्हणाली, “शेवटचं पान माझं होतं.”

नाही म्हणणं सोपं होतं. तुझं पान तिला कुठं बाधलं, आधीच उशीर झाला होता, तिचं वय झालं होतं. विठाबाईच्या तोंडाशी हे सगळं आलं. या पोरीने आई गमावली होती, तिच्या डोक्यावर आणखी कशाला ठेवायचं, असंही तिच्या मनात आलं. पण खोटं बोलायला लागणारं बळसुद्धा तिच्यात उरलं नव्हतं.

“व्हय, तुझंच होतं,” ती म्हणाली. “पण तुझ्या हातचं तिनं खाल्लं नाही. दोनदा तोंड फिरवलं, बघितलंस ना तू? तिला कळत होतं गं. मला बी कळत होतं. मी भरवलं म्हणून खाल्लं. माझ्या हातचं तिनं कधी नाही म्हटलं नाही, विष दिलं असतं तरी नसतं म्हटलं.”

विद्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. विठाबाई कोरड्या डोळ्यांनी बघत राहिली. तुंगा गेल्यापासून तिला रडू आलं नव्हतं.

जरा वेळाने विद्या उठली. तिने पदर खोचला, बादलीपाशी बसली आणि दुधात हात बुडवला. तिची आई असती तर तिने असंच केलं असतं, असं काहीसं ती पुटपुटली. ओली बोटं तिने भद्रेच्या तोंडाशी नेली. भद्रेने हुंगलं आणि तोंड फिरवलं. विद्याने दुसऱ्या बाजूने हात नेला. भद्रेने परत तोंड फिरवलं, आणि लटपटत विठाबाईपाशी येऊन तिच्या पदरात नाक खुपसलं.

“आजी, ती माझ्या हातचं घेत नाही,” विद्या म्हणाली. “तुमच्याच हातचं घेईल. द्या ना. मरेल हो ती.”

विठाबाईने पदराखालून हात काढला. तो हात तिने जरा वेळ नुसता बघितला. मग दुधात बुडवला आणि भद्रेपुढे धरला. भद्रेने हुंगलं नाही, थांबली नाही. तिने बोटं तोंडात घेतली आणि डोळे मिटून चोखू लागली. विठाबाई हात हळूहळू खाली नेत गेली, बादलीत, दुधाखाली, आणि वासरू तिच्यामागून खाली आलं आणि घटाघटा पिऊ लागलं.

तेव्हा विठाबाई रडली. मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल असं रडली. ज्या हाताने आईला मारलं त्याच हातावर ही लेक डोळे मिटून विसंबली होती, आणि ते तिला बघवत नव्हतं. विद्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. विठाबाई तोंड भिंतीकडे करून रडत राहिली. हात तेवढा तिने बादलीतून काढला नाही, कारण वासरू अजून पीत होतं.